संपणारे खेळ आणि न संपणारे

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव नकाशावर लहान असले तरी रस्त्यावर मोठे आहे. नागपूरहून बुटीबोरीमार्गे दक्षिणेकडे निघालेला महामार्ग येथे येऊन दुभंगतो. एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे वळते. चौरस्त्यावर चहाचा पेला हातात घेऊन उभा असलेला माणूस जागचा हलत नाही. ट्रक येतात, एस. टी. येते, कापसाने भरलेली वाहने येतात आणि निघून जातात. वाहत्या रस्त्याकडे बराच वेळ टक लावून पाहिले की क्षणभर असे वाटू लागते की, रस्ता स्थिर आहे आणि आपणच कोठेतरी निघालो आहोत.

नेमक्या याच दृष्टिभ्रमावर गेल्या शतकातील एका खेळाची उभारणी झाली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तळाशी एक चिमुकले विमान असते. ते डावीउजवीकडे आणि थोडेसे पुढेमागे सरकते, एवढेच. प्रवास घडतो तो त्याच्याखालच्या भूमीचा. अरण्ये, नद्या, शत्रूचे तळ हे सारे पडद्याच्या माथ्यावरून उतरत येते आणि पायथ्याशी लुप्त होते. विमान जागच्या जागीच असते. खेळणाऱ्याला मात्र आपण अवकाशातून भरधाव निघालो आहोत असे वाटते. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावांत वाढलेल्या पिढीने या खेळात कितीतरी दुपारी घालविल्या. ती पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे. तिच्यापैकी काही शिक्षक झाले, काही कचेऱ्यांतून लेखनिक झाले, आणि त्यांची मुले आज हातातल्या फोनवर खेळत आहेत. मुलांच्या खेळाविषयी चिंता करणाऱ्या या पालकांनी आपल्या बालपणीचा तो खेळ एकवार आठवून पाहावा. तसे केल्यास, चिंता नेमकी कशाची करावयाची हे कदाचित अधिक स्पष्ट होईल.

खाचेतून जन्मलेला खेळ

या खेळाची वंशावळ फार जुनी नाही. १९७८ साली जपानच्या टायटो या कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. त्यात परग्रहावरील शत्रूंच्या रांगा वरून खाली उतरत. पार्श्वभूमी मात्र स्तब्ध होती. पुढल्याच वर्षी नामको या कंपनीच्या ‘गॅलॅक्सियन’मध्ये मागे तारे वाहू लागले. नंतर १९८२ सरताना आणि १९८३ उजाडताना त्याच नामकोचा ‘झेवियस’ आला आणि संपूर्ण भूप्रदेशच पडद्यावरून सरकू लागला. मासानोबू एंडो हे त्याचे रचनाकार. पेरू देशातील नाझ्काच्या पठारावर प्राचीनांनी कोरलेल्या विशाल रेषाकृतीदेखील त्या भूप्रदेशात दिसतात. खेळणाऱ्याच्या हाती दोन अस्त्रे दिलेली असतात: हवेतील शत्रूसाठी गोळी आणि जमिनीवरील तळासाठी बाँब. त्यामुळे एकाच वेळी दोन पातळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय खेळणारा जितका कुशल, तितके शत्रू अधिक कठीण होत जातात. हुशार विद्यार्थ्याला पाहून प्रश्नपत्रिका अवघड करणारा परीक्षकच म्हणावयाचा!

परंतु हे सर्व खेळ मूळचे घरातले नव्हेत, ही गोष्ट विसरता कामा नये. ते जन्मले व्यापारी यंत्रांत. माणसाएवढ्या उंचीची ती पेटी, तिच्या अंगाला नाणे टाकण्याची खाच, आणि नाणे पडल्यावाचून खेळ सुरू होत नसे. यंत्राच्या मालकाचा नफा खेळणारा किती लवकर हरतो यावर अवलंबून होता. नवख्याचा खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपला पाहिजे, तथापि पुन्हा नाणे टाकण्याची इच्छा मात्र उरली पाहिजे, असे ते गणित होते. आज ज्यास या खेळांचे ‘काठिण्य’ म्हणून वाखाणले जाते, त्याच्या मुळाशी एक सरळसाधा व्यापारी लोभ होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पुढे हे खेळ घरात आले. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे घरगुती यंत्र विक्रीस आणले. नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘झेवियस’ची घरगुती आवृत्ती त्यावर निघाली, पुढल्या वर्षी ‘स्टार फोर्स’ हा त्याच कुळातला खेळ आला. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. खेळ तोच राहिला, त्याचे काठिण्यही तेच राहिले. परंतु नाण्याची खाच नाहीशी झाली. एकदा ‘कॅसेट’ विकत घेतली की, मूल दहा वेळा हरो की हजार वेळा, कोणाच्याही गल्ल्यात एक छदामही अधिक पडत नव्हता. लोभ गळाला आणि शिस्त तेवढी मागे उरली. हरणे ही धंद्याची क्लृप्ती राहिली नाही. ती शिकण्याची एक पायरी झाली. योजना करून कोणा शिक्षणतज्ज्ञाने हे घडविले नव्हते. तो एक सुदैवी अपघात होता, पण त्याचे फळ एका संपूर्ण पिढीला मिळाले.

चाळीस किलोबाइटांचे विश्व

ज्या यंत्रावर हे सारे चाले त्याची साधनसंपत्ती आजच्या दृष्टीने हास्यास्पद वाटावी इतकी तुटपुंजी होती. चालू हिशेबासाठी त्याच्याजवळ केवळ २ किलोबाइट स्मृती होती. चित्रासाठी आणखी तेवढीच. अरण्ये, नद्या, शत्रू, संगीत यांसह संपूर्ण ‘झेवियस’ सुमारे ४० किलोबाइटांत मावत असे. आज फोनवर काढलेले एखादे साधे छायाचित्र त्याच्या कित्येक पट मोठे असते. मग एवढा भूप्रदेश सरकत असे तो कसा? चित्र लहान चौकोनी फरशांनी बनविलेले असे. प्रत्येक फरशी आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद. पडदा किंचित खाली सरकला की दृष्टीआड असलेल्या कडेवर फरशांची नवी ओळ गुपचूप मांडली जाई. रेल्वेमार्ग टाकणाऱ्या मजुरांनी गाडीच्या किंचित पुढे राहून रूळ अंथरावे, तसाच हा प्रकार होता.

यंत्राच्या मर्यादाही खेळात उघड दिसत. एका आडव्या रेषेत आठांहून अधिक हलत्या आकृती ते दाखवू शकत नसे; शत्रू दाटले की काही आकृती लुकलुकू लागत. घरातील वडीलधारी मंडळी तो दूरचित्रवाणीचा दोष समजून संचाच्या डोक्यावर थाप मारीत. जपानात पडद्यावरचे चित्र सेकंदास साठ वेळा पालटे, तर आपल्याकडील ‘पाल’ पद्धतीत पन्नास वेळा. या पद्धतीसाठी बनविलेल्या यंत्रांवर तोच खेळ सुमारे एक-षष्ठांश मंद चाले. म्हणजे टोकियोतील मुलापेक्षा विदर्भातील मुलाला शत्रूकडून थोडी सवलतच मिळाली म्हणावयाची!

सवलत अर्थात एवढीच. मूळ जपानी यंत्र आपल्याकडील मध्यमवर्गीय घरापर्यंत क्वचितच पोहोचले. जे पोहोचले ते त्याच्या स्वस्त नकला होत. पिवळ्या, लाल, निळ्या रंगाच्या कॅसेटी, त्यांवर ‘९९ इन वन’, ‘९,९९,९९९ इन वन’ अशी छाती दडपून टाकणारी अक्षरे, आणि आत मोजून थोडेच खेळ! तेच ते खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी लांबविलेली असे. आरंभीचे खेळ आकाराने लहान असल्यामुळेच अशा संग्रहात त्यांची दाटी करणे शक्य झाले. अनेक नकलांमधून मूळ कर्त्यांची नावेही पुसून टाकलेली असत. एंडो हे नाव आपल्या मुलांच्या कानी कधी पडले नाही. तो सरळसरळ चोरीचा माल होता आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु ज्याला मूळ वस्तूची किंमत परवडत नाही त्याच्यापर्यंत जगाचे नवल बहुधा अशाच मागच्या दाराने येते, हेही तितकेच खरे आहे.

साक्षीदार लागणारा विक्रम

त्या यंत्राला आणखी एक वैगुण्य होते आणि आज विचार करता तेच त्याचे भूषण वाटते. त्याला आठवण नव्हती. ‘झेवियस’सारख्या खेळात मिळविलेले गुण यंत्र चालू असेपर्यंतच टिकत. बटण बंद केले की सर्वोच्च विक्रम पुसला जाई. बटण बंद करावयास नेहमी माणूसच लागे असेही नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचा जो जाच सोसला, तो विसरण्याजोगा नाही. जामच्या चौरस्त्यावरून वरोऱ्याकडे वळणारा रस्ता पुढे ज्या चंद्रपूरला जातो, तेथील औष्णिक वीज केंद्र राज्याला उजेड पुरवीत होते, आणि विदर्भातील खेडी मात्र तासन् तास अंधारात बसत होती. ज्या प्रदेशाच्या कोळशावर वीज निर्माण व्हावी त्याच प्रदेशातील मुलाचा विक्रम वीज गेल्यामुळे पुसला जावा, यातील विरोधाभास समजण्याचे त्या मुलाचे वय नव्हते. त्याला एवढेच कळत असे की, आपण इतके गुण मिळविले होते हे आता कोणाला दाखविता येणार नाही.

म्हणून त्या विक्रमाला साक्षीदार लागे. शेजारचा मित्र, धाकटी बहीण, दाराशी येऊन उभे राहिलेले काका यांच्यापैकी कोणी पाहिले असेल तरच तो विक्रम खरा. यंत्रापाशी स्मृती नव्हती, ती माणसांपाशी होती. यंत्र एक, दूरचित्रवाणी संच एक आणि खेळणारे चार, म्हणून पाळ्या लावाव्या लागत. एकाचे विमान फुटले की दुसऱ्याने बसावयाचे. आपली पाळी येईपर्यंत पाहणे, पाहता पाहता शिकणे आणि हरल्यावर मुकाट्याने उठणे या तीन गोष्टी त्या खोलीत कोणी न शिकविता शिकविल्या जात होत्या. खेळाभोवती दंतकथाही जन्मत. ‘झेवियस’मध्ये कशानेही न फुटणारी एक फिरती चकती आहे, तिच्यावर २५६ गोळ्या झाडल्या तर ती फुटते, अशी वदंता जपानच्या शाळांतून पसरली होती. ती खोटी होती. पण अशा वदंता सांगण्यासाठी आणि पडताळून पाहण्यासाठी मुलांना एकमेकांकडे जावे लागत असे.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे गतकालाचे कौतुक झाले. त्या वेळीही पालक तक्रार करीतच होते. हा आक्षेप योग्य आहे. १९८१ साली फिलिपाइन्समध्ये मार्कोस यांच्या राजवटीने असल्या खेळयंत्रांवर देशभर बंदी घातली होती. ‘रिव्हर रेड’ हा कॅरोल शॉ यांनी १९८२ मध्ये रचलेला, याच सरकत्या पडद्याच्या घराण्यातील खेळ. तो १९८४ साली पश्चिम जर्मनीत तरुणांना घातक अशा गोष्टींच्या सरकारी यादीत गेला. आज ती यादी वाचून हसू येते. प्रत्येक पिढीला पुढल्या पिढीचा खेळ घातक वाटतो, ही गोष्ट खरीच आहे.

परंतु तेवढ्यावरून सर्व खेळ सारखेच आणि सर्व चिंता व्यर्थच, असा निष्कर्ष काढणे आळशीपणाचे होईल. १९८५ च्या उन्हाळ्यात हडसन या कंपनीने ‘स्टार फोर्स’च्या स्पर्धा घेत जपानभर दौरा काढला. तोशियुकी ताकाहाशी हा त्या कंपनीचा नोकर सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्याबद्दल मुलांचा वीरपुरुष झाला होता. त्याच ताकाहाशीने मुलांना जाहीरपणे सांगितले की, खेळ दिवसाला एकच तास खेळा. खेळ विकणाऱ्याच्या माणसाने असे सांगावे, हे आज अद्भुत वाटते. पण ते शक्य झाले याचे कारण त्या धंद्याच्या घडणीत होते. कॅसेट एकदा विकली गेली की, मूल एक तास खेळले काय किंवा सहा तास खेळले काय, कंपनीचे उत्पन्न तेवढेच राहत होते. संयमाचा उपदेश करणे तिला परवडत होते.

खाच पुन्हा हातात

आजच्या फोनवरील बहुतेक लोकप्रिय खेळांना तो उपदेश परवडत नाही. हाच जुन्या आणि नव्या खेळातील खरा भेद आहे. चित्र किती रेखीव, आवाज किती मोठा, हिंसा किती, हे प्रश्न गौण आहेत. नवा खेळ फुकट मिळतो. आणि फुकट मिळतो म्हणूनच त्याला आपले मोल दुसऱ्या वाटेने वसूल करावे लागते. मूल जितका वेळ पडद्यापुढे राहील तितक्या जाहिराती. ते जितके अडून बसेल तितकी पुढे जाण्यासाठी पैसे भरण्याची शक्यता. म्हणून खेळाला शेवट ठेवलेला नसतो. रोज न आल्यास बक्षीस बुडेल, अशी आठवण खिशातला फोनच करून देतो. जी नाण्याची खाच १९८३ साली घराच्या उंबरठ्यावर गळून पडली होती, ती मुलाच्या तळहातात परत आली आहे, आणि यावेळी ती दिसतही नाही. जुन्या व्यापारी यंत्राला निदान एवढी लाज होती की, खाच समोर असे आणि खिशातली नाणी संपली की खेळ संपत असे.

सरकारांना या प्रश्नाची जाणीव झालेली नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘खेळाच्या विकारा’ची नोंद झाली असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी एकच तास ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवली. बेल्जियमने २०१८ मध्ये खेळांतील पैसे भरून उघडावयाच्या ‘नशिबाच्या पेट्यां’ना जुगार ठरविले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा संमत केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मनाई केली. मध्यमवर्गीय घरांतून या जुगाराने जो हाहाकार माजविला होता तो पाहता या कायद्यामागील हेतूचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि कायद्याची रेषा पैशापाशी आखलेली आहे. ज्या खेळात काही जिंकावयाचे नाही, पण ज्यातून उठणेही शक्य नाही, तो या रेषेच्या अलीकडेच राहतो. ती दुसरी रेषा कायद्याने आखता येईल की नाही याविषयी शंका आहे. ती घराने आणि शाळेने आखावयाची आहे. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. चार प्रश्न पुरेत. हा खेळ संपतो का? मध्येच पैसे मागतो का? खेळत नसताना हाका मारतो का? आणि तो चारचौघांदेखत, पाळी लावून खेळता येतो का? मुलाच्या हातून फोन हिसकावून घेण्यापेक्षा हे प्रश्न मुलालाच विचारावयास शिकविले, तर त्याचा उपयोग अधिक होईल. वर्गात संगणक शिकविणाऱ्या शिक्षकाला तर त्या जुन्या खेळासारखे दुसरे साधन मिळणे कठीण. चाळीस किलोबाइटांची ती रचना एका विद्यार्थ्याच्या बुद्धीत मावते. फरशांची ओळ कोठे मांडली जाते, आकृती का लुकलुकतात, शत्रू केव्हा कठीण होतो, हे सारे उलगडून दाखविता येते. ज्या यंत्राचे पोट उघडून पाहता येते त्याचा गुलाम होणे अवघड असते.

‘झेवियस’लाही तसा शेवट नव्हता हे येथे सांगितले पाहिजे. सोळा प्रदेश ओलांडले की तो पुन्हा सातव्यापासून सुरू होई. पण खेळणाऱ्याला शेवट होता. विमाने मोजकी होती. शेवटचे फुटले की पडद्यावर दोन शब्द उमटत आणि खोलीतला आवाज पुन्हा ऐकू येऊ लागे. बाहेर ऊन असे, स्वयंपाकघरातून हाक आलेली असे, दुसऱ्याची पाळी असे. खेळाने मुलाला घेतले होते आणि खेळानेच त्याला परत सोडले होते. मुलाचा किती वेळ गेला, एवढ्यावरच एखाद्या खेळाची परीक्षा करू नये. त्याने मुलाला परत सोडले की नाही, हेही पाहावे.

जामच्या चौरस्त्यावर आजही एस. टी. ची वाट पाहत मुले उभी राहतात आणि त्यांच्या हाती फोन असतो. पडद्यावर काहीतरी वरून खाली अखंड सरकत असते. ते कोठून येते आणि कोठे थांबणार, हे कोणी सांगू शकत नाही. तेवढ्यात एस. टी. येते. तिच्या कपाळावर शेवटच्या गावाची पाटी असते. प्रवासी ती पाटी वाचतो, मगच गाडीत चढतो. मुलाच्या हाती खेळ देताना घरातील वडीलधाऱ्यांनी एवढी पाटी वाचण्याची तसदी घ्यावी.